प्लेटीमागचं गाऱ्हाणं

रंजना, तू म्हणजे पेडणे तालुक्यातलं एक युग होतीस.

हे माझं मत नाही, धारगळच्या वळणावर हायवेला लावलेल्या फ्लेक्सचं आहे. ‘एका युगाचा सन्मान’ असं त्यावर लिहिलंय, आणि खाली फर्निचरच्या दुकानाची जाहिरात, युगापेक्षा जरा मोठ्या अक्षरांत. फ्लेक्स छापून आला तेव्हा तू होतीस. लावायच्या आधी गेलीस. नवीन छापायला वेळ नव्हता म्हणून सत्कार समितीने तुझ्या नावाआधी पांढऱ्या कागदाचा एक तुकडा चिकटवला आणि त्यावर मार्करने ‘कै.’ लिहिलं. डिंक हलका असावा. दुपारचा वारा सुटला की त्या तुकड्याचा कोपरा उचलतो, मागे दुमडतो आणि वारा पडेपर्यंत तू जिवंत असतेस. मी बसस्टॉपवर उभी राहून हे बघितलं आहे. एक बस मुद्दाम सोडली.

फोटो मतदार कार्डावरचा आहे. त्यात तू नुकतीच कुणाची तरी कोंबडी चोरून आल्यासारखी दिसतेस. समितीचा तसा दोष नाही. आपल्या सॉफ्टबॉल टीमचा एकच बरा फोटो आहे आणि त्यात तू पुढच्या रांगेत उकिडवी बसलीयस, तोंडावर जाळी. मास्क काढायला विसरलीस. आम्ही आठजणी दात दाखवतोय आणि मधोमध एक जाळी.

तुला सन्मान हवा होता. मला नको होता. या एका गोष्टीवर आपण गेल्या पावसाळ्यापासून भांडत होतो आणि भांडण अर्धं टाकून तू गेलीस. मी म्हणाले होते, ज्यांनी आपली एक मॅच बघितली नाही ते शाल घालणार, आणि ज्या शेतात आपण खेळलो तिथे प्लॉटचे दगड पुरले की मग त्याला वारसा म्हणणार. तू म्हणालीस, “शाल नको माका. माईकवर नाव घेवंदेत. आणि तोंड दिसां दे.”

“तोंड कित्याक?”

“इतकी वर्सां लोकांक पाठ दाखवन बसलंय गे. कॅचराचा तोंड कोण बघता?”

मी तेव्हा काहीतरी चुरचुरीत उत्तर दिलं असणार. पण ते खरं होतं. प्रेक्षक तुझ्या पाठीमागे, तोंडावर जाळी. आमच्या अख्ख्या टीमला तू एकटी समोरून बघायचीस, आणि तुला समोरून सगळ्यात जास्त बघणारी मी, कारण मी पिचर, चेंडू टाकणारी. तेही जाळीतून. तुझ्या डोळ्यांपेक्षा तुझा ग्लोव्ह मी जास्त ओळखते. हे तुला कधी सांगितलं नाही, पण मला कधीच तुझ्यापुढची होम प्लेट दिसली नाही. मी सगळे चेंडू ग्लोव्हला टाकले.

प्लेटीबद्दल मात्र सांगितलं पाहिजे, कारण समितीच्या माणसाने भाषणात ‘अपुऱ्या साधनसामग्रीतून’ असं म्हटलं. अपुरी कसली? शाळेत पीटीच्या बाईंनी आपल्याला हा खेळ शिकवला आणि बदली होऊन निघून गेल्या. मागे राहिली एक बॅट, दोन ग्लोव्ह आणि नऊ मुली. गावातल्या वयस्कर दाजींच्या शेतात भात कापून झालं की पुढचा पावसाळा येईपर्यंत जमीन मोकळी असायची. तिसऱ्या बेसच्या अलीकडे मेर होती, म्हणजे शेताचा बांध, त्यामुळे आमच्या ग्राउंडवर तिसरा बेस दुसऱ्यापेक्षा वीतभर उंच होता आणि बाहेरच्या टीम तिथे ठेचकाळायच्या. बेस म्हणजे भुसा भरलेली पोती. आणि होम प्लेट आधी फळीची, रबराची पुढे तुझ्या नवऱ्याने दिली. भावजी मूळचे सावंतवाडीकडचे, कारापूरला राहून डिचोलीच्या खाणीवर टिपर चालवणारे. टिपरच्या चाकामागे चिखल उडू नये म्हणून जाड रबर लोंबकळतं, ते त्यांनी पाच कोनांत कापून आणलं. लग्नात तुला त्यांनी काय घातलं ते मला आठवत नाही. हे आठवतं.

आणि गाऱ्हाणं. आपल्याकडे नाटकाचा पडदा उघडायचा असो की विहीर खणायची, आधी नारळ ठेवून एकाने देवाला मोठ्याने काय हवं ते सांगायचं आणि बाकीच्यांनी ‘व्हय म्हाराजा’ म्हणायचं. क्रिकेटवाल्यांच्या स्पर्धेला गाऱ्हाणं घालायला गावचे मानकरी यायचे. मुलींच्या मॅचला कोण येणार? तेव्हा पॅड बांधूनच तू नारळ प्लेटीवर ठेवलास आणि प्लेटीमागे उकिडवी बसून स्वतःच सुरू केलंस. उभं राहून घालतात हे तुला कुणी सांगितलं नव्हतं, आणि पॅड बांधून पुन्हा उभं राहायचा तुला कंटाळा होता. दाजी मेरेवर उभे होते. ते खवळले.

“बायलमाणसान गाऱ्हाणां घातलेला ह्या गावात कोणी ऐकूक नाय!”

“मग तुमी घाला, दाजी,” तू जाळीतून म्हणालीस. “पण दर आयतवारी सकाळी येवक होया.”

“आयतवारी माका बाजार असता.”

“मगे! जो मोकळो असा, तेना घालूचा.”

दाजी बाजाराला गेले. पुढल्या रविवारी ते मेरेवर उभे राहून सगळ्यांच्या आधी ‘व्हय म्हाराजा’ म्हणाले, मग बाजाराला गेले.

माझा देवावर विश्वास नाही, हे तुला शाळेपासून माहीत होतं. मी वाचनालयात नोकरीला लागले तेव्हा तू म्हणालीस, आता तर पुस्तकांची साथ मिळाली, संपलं. मी ‘व्हय म्हाराजा’ म्हणायचे नाही, नुसते ओठ हलवायचे. आणि तू प्लेटीमागून ते बघायचीस. तुझ्या जाळीतून बाहेरचं सगळं दिसायचं, हा त्या जाळीचा अन्याय होता.

मग ती डिचोलीच्या टीमबरोबरची मॅच. त्या दिवशी तू मागितलंस, “बा देवा म्हाराजा, आजचो आमचो चेंडू त्या काजींच्या पलीकडे जांव दे, म्हाराजा!” शेताच्या टोकाला काजूची झाडं होती, तिथवर कुणाचा चेंडू कधी गेला नव्हता. शेवटची इनिंग, आपण एका रनने मागे, तिसऱ्या बेसवर मी, आणि बॅट तुझ्या हातात. तू मारलास. चेंडू वर गेला, आणखी वर गेला, आणि काजींच्या पलीकडे पडला. आम्ही नाचत सुटलो. मी मेरेवरून उडी मारून धावत होमला आले आणि प्लेटीवर पाय आपटला. मग अंपायरकडे बघितलं. डाव्या रेषेच्या बाहेर. रेषेबाहेरचा चेंडू कितीही लांब जाऊ दे, फाऊल, म्हणजे फुकट. पुढच्या चेंडूवर तू आउट झालीस आणि आपण हरलो.

सगळ्या अंपायरवर धावून गेल्या. तू गेली नाहीस. तू चेंडू शोधायला काजींकडे चालत गेलीस, मी मागोमाग. तू कुणावर चिडलीयस ते मला कळेना.

“माझीच चूक,” तू म्हणालीस. “तेना सांगितल्याप्रमाणा केला. लाईन सांगूक इसारलंय.”

मला हसू आवरेना. तू हसली नाहीस. पुढच्या रविवारपासून गाऱ्हाण्यात कायमची भर पडली: “डावी लाईन, उजवी लाईन, दोनूंच्या मधसून, म्हाराजा!” मी म्हटलं, तू देवाला नियमांचं पुस्तक शिकवतेस. तू म्हणालीस, “अंपायराक शिकवूक जमना. देवाक तरी शिकवतंय.” मी म्हटलं, शब्दाला शब्द लावून काम करणारा हा देव आहे की कचेरीतला क्लार्क? “क्लार्क बरो,” तू म्हणालीस. “सायबापेक्षा क्लार्कच काम करता.”

मी बरीच पुस्तकं वाचली आहेत, तुझा क्लार्क एकातही सापडला नाही.

लग्न होऊन तू कारापूरला गेलीस तेव्हा आम्ही समजलो, टीम संपली. पिचर मिळतात, पण रविवारभर उकिडवी बसायला कोण तयार होणार? पहिल्याच रविवारी सकाळच्या बसमधून तू उतरलीस, साडीच्या दुकानाच्या पिशवीत मास्क. कंडक्टरने ती जाळी बघून तुला विचारलं होतं, “पोळां काढूक जातंस गे? म्हवाचा?” आणि तू हो म्हणून सांगितलंस, कारण सॉफ्टबॉल समजावण्यापेक्षा मध सोपा होता. नंतर किती तरी वर्षं तो तुझ्याकडे मध मागत होता.

सासूला काय सांगितलंस ते मला फार उशिरा कळलं. माहेरी दर रविवारी देवाचं गाऱ्हाणं असतं आणि ते मलाच घालावं लागतं, असं. त्यात अक्षरही खोटं नव्हतं. देवाचं काम म्हटल्यावर त्या माउलीने तुला कधी अडवलं नाही. उलट नारळ तीच द्यायची. मी तुला विचारलं होतं, आठवतं? मॅच संपवून आपण मेरेवर बसून उंडो पाव आणि पातळ भाजी खात होतो. मी विचारलं, “खरा सांग. तू मानतंस, की सासवेक सांगूक कारण होया म्हणान?”

तू पावाचा तुकडा भाजीत बुडवलास, खाल्लास, बोटं पुसलीस. “दोनूय,” म्हणालीस. “तुका एकच कित्याक होया?”

याच भांडणाचा मला अजून निकाल हवा आहे, आणि आता तो द्यायला कुणी नाही.

एक मात्र सांगते. ज्या दिवशी माझे चेंडू प्लेटीच्या आसपासही पडायचे नाहीत, एकामागून एक मुलगी फुकटात पहिल्या बेसवर जायची, तेव्हा तू उठून माझ्याकडे चालत यायचीस. प्रेक्षकांना वाटायचं, डावपेच चाललेत. तू मास्क वर करायचीस आणि विचारायचीस, “आज घरा काय रांधलंय?” मी सांगायचे, बांगड्याचं तिखलं. “त्रिफळां घातलंय?” घातलीत. “बरा,” म्हणून तू परत जायचीस. पुढचा चेंडू ग्लोव्हात. आई गेली तेव्हा घर माणसांनी भरलं होतं, प्रत्येक जण काहीतरी बोलत होता. तू आलीस, माझ्यासमोर जमिनीवर उकिडवी बसलीस आणि तशीच बसून राहिलीस, हात गुडघ्यांवर. मी काहीही फेकलं असतं तरी तू घेतलं असतंस. मी काही फेकलं नाही. तू संध्याकाळपर्यंत बसलीस. तुझे गुडघे तेव्हाच गेले होते.

हॉस्पिटलात मी आले त्या दिवशी तू बरी दिसत होतीस. खिडकीला तू अजून जनेल म्हणायचीस आणि नर्सला कळत नव्हतं. ते उघडून झाल्यावर तू मला जवळ बोलावलंस.

“सत्काराक माका जमाचा नाय.”

“जमतला. गप.”

“नाय गे. ऐक. भाषणां झाल्यार मुलींची मॅच असा. धारगळ आणि कारापूर. दोनूय माझीच. गाऱ्हाणां तू घाल.”

“मी? माझो इश्वास नाय, तुका म्हायत असा.”

“तुझ्या इश्वासाक कोण इचारता? देवाक ऐकाक येता, तितक्या पुरे.”

“दुसरी कोण तरी घालतली.”

“दुसरी गाऱ्हाणां घालतली. तू माका चेंडू टाकतलंस.”

मी ‘बघूया’ म्हणाले. तू म्हणालीस, “बघूया म्हणजे नाय.” मग भावजी चहा घेऊन आले आणि विषय राहिला. मी हो म्हणाले नाही. जाताना पायाला हात लावून हलवलं, तू डोळे मिटूनच हात वर केलास, ग्लोव्ह दाखवावा तसा. ती आपली शेवटची भेट.

सोहळ्याचं सांगते. प्लास्टिकच्या खुर्च्या, म्हणजे तुझी कदेलं, शेतात मांडली होती आणि भाताच्या खुंटांमुळे सगळी डुगडुगत होती. व्यासपीठावर शाली, नारळ, समई. प्रमुख पाहुण्यांनी आपल्याला ‘हॉकीच्या क्षेत्रातील रणरागिणी’ म्हटलं. कुणीतरी चिठ्ठी पाठवली, मग ते ‘हॉकी तसेच इतर’ म्हणाले. नव्या विमानतळाकडे जाणारं एक विमान मध्येच डोक्यावरून गेलं आणि भाषणाचा काही भाग कुणालाच ऐकू आला नाही. तोच भाग चांगला असावा, असं मी धरून चालले आहे.

तुझं नाव माईकवर घेतलं. दोनदा, कारण पहिल्यांदा माईक बंद होता. ‘कैलासवासी’ आधी लावूनच, पण घेतलं. तुझा फोटो टेबलावर ठेवला होता, तोच कोंबडीवाला, तोंड लोकांकडे. भावजी स्मृतिचिन्ह घ्यायला वर गेले. सोनेरी रंगाची एक बाई आहे त्यावर, तिच्या हातात टेनिसची रॅकेट. दुकानात सॉफ्टबॉलची बाई मिळत नाही म्हणे. भावजींनी तिच्याकडे जरा वेळ बघितलं आणि शालीत गुंडाळून काखेत धरली. खाली उतरून माझ्याकडे आले. दुसऱ्या हातात पिशवी होती, तीच साडीच्या दुकानाची. मला वाटलं, मास्क. नाही. नवीन प्लेट होती, पाच कोन, रबराचा वास अजून ताजा.

“जुनी झिजली होती,” म्हणाले. “म्हटलां, लोक येतले. बरा दिसना.”

ते स्वतःच गेले आणि ती जमिनीत बसवून आले. बसवताना वाकून बराच वेळ माती दाबत राहिले. इतकी माती दाबायची गरज नव्हती.

समितीने गाऱ्हाण्यासाठी मानकरी बोलावले होते. मी त्यांच्याकडे गेले आणि काय बोलले ते मला नीट आठवत नाही, पण ते बाजूला झाले. आपल्या टीमच्या सगळ्या आल्या होत्या, काहीजणी नातवंडं घेऊन. त्या मागे उभ्या राहिल्या. मी नारळ प्लेटीवर ठेवला. उभं राहून बोलायला सुरुवात केली, पण तू कधी उभं राहून घातलं नव्हतंस. मग मी बसले, उकिडवी, तुझ्या जागी. तिथून पहिल्यांदाच बघितलं, रंजना. सगळी टीम दिसते. पिचर किती लांब आणि किती एकटी दिसते, ते मला माहीत नव्हतं.

“बा देवा म्हाराजा,” मी म्हटलं.

“व्हय म्हाराजा!” मागून आलं, इतक्या मोठ्याने की मी दचकले.

“आमची रंजना तुझ्याकडे इलेली असा, म्हाराजा! तिका उकिडवी बसवू नको, म्हाराजा! तिचे गुडघे दुखतत, म्हाराजा! तिका कदेल दी, आणि तोंड लोकांकडे करून बसव, म्हाराजा!”

व्हय म्हाराजा. या वेळी आवाज लहान होता.

“तिना काय सांगितला ता ऐक. शब्दाक शब्द ऐक, म्हाराजा!”

आणि मग पुढे काय बोलायचं ते सुचेना. पाठ झालेलं होतं तेच तोंडात आलं, “आजचो चेंडू त्या काजींच्या पलीकडे जांव दे, म्हाराजा!”

उठताना मला दोघींनी हात दिला. मी कडेच्या कदेलावर बसले. पहिल्याच इनिंगमध्ये कारापूरची दीक्षा बॅटिंगला आली, तूच तयार केलेली, तुझ्यासारखीच खांदा आधी फिरवणारी. दुसरा चेंडू तिने मारला. आवाजावरूनच कळलं. चेंडू वर गेला, आणखी वर गेला. व्यासपीठावरचे पाहुणे चहाचे कप धरून उभे राहिले. भावजी उभे राहिले. मी उभी राहिले आणि माझ्या तोंडून, ओठ हलवून नव्हे, ‘व्हय म्हाराजा’ असं काहीतरी निघालं, असं शेजारची म्हणते. काजीची झाडं आता जुनी होऊन आणखी उंच झाली आहेत. चेंडू त्यांच्याही पलीकडे गेला. टाळ्या पडत होत्या, आपल्या बायका एकमेकींच्या गळ्यात पडून रडत होत्या. अंपायरने दोन्ही हात वर केले.

डाव्या रेषेच्या हातभर बाहेर. फाऊल.